आजार पेशीत नेमका कुठे सुरू होतो ते शोधायचंय? लॅबमध्ये पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "प्रयोग कधी सुरू करायचा?" मी दर वेळी हेच सांगते की तो सुरू झालाय. कुठली पेशी हातात घेताय आणि तिला काय विचारताय हे ठरवण्यातच बराचसा प्रयोग होऊन जातो, पुढे हूडमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कामाच्या कपाटापाशी, बसून जे करतो ते त्यामानाने सोपं असतं, सवयीने येतं. ज्यांनी बायोलॉजी शिकलीये पण माणसाच्या पेशी कधी वाढवल्या नाहीयेत आणि आता एखाद्या आजारावर काम करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण खालच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. आजारी पेशी आणि निरोगी पेशी शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक दिसणारच, शेकडो फरक दिसतील, हजारो जीन्स वरखाली झालेले दिसतील. त्यातला कुठला फरक आजार घडवतोय आणि कुठला आजारामुळे घडलाय, हे वेगळं काढणं म्हणजे मेकॅनिझम शोधणं. फरकांची यादी म्हणजे मेकॅनिझम असं समजून बसलात की दोन वर्षं कशी गेली कळत नाही.

पायरी १: प्रश्न इतका छोटा करा की उत्तर "नाही" येऊ शकेल

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांचं आहे. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया नावाचा आनुवंशिक आजार, त्यात रक्तातलं कोलेस्टेरॉल प्रचंड वाढतं, आणि दोन्ही पालकांकडून बिघडलेला जीन आला तर लहानपणीच हार्ट अटॅक येऊ शकतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांनी पेशंटच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी वाढवल्या. त्वचेच्या पेशी, हार्टच्या किंवा लिव्हरच्या नाही! आणि एकच एन्झाइम मोजायचं ठरवलं, एचएमजी-कोए रिडक्टेज, जे पेशीत कोलेस्टेरॉल बनवण्याचा वेग ठरवतं.

निरोगी पेशींना एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, दिलं की हे एन्झाइम खाली येतं, म्हणजे बाहेरून कोलेस्टेरॉल मिळालं की पेशी स्वतः बनवणं थांबवते. पेशंटच्या पेशींवर एलडीएलचा काहीच परिणाम नाही, एन्झाइम वरच. इथे कोणीही म्हणालं असतं की एन्झाइमच बिघडलंय, आणि त्यांचाही सुरुवातीचा अंदाज तोच होता. मग त्यांनी कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून थेट दिलं, म्हणजे एलडीएलच्या कणाशिवायच ते पेशीत शिरेल. आता पेशंटच्या पेशींमध्येही एन्झाइम निरोगी पेशींसारखंच खाली आलं. म्हणजे एन्झाइम ठीक, त्याचा कंट्रोल ठीक, घोळ आहे तो एलडीएल आत घेण्याच्या दारात. मग रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन लावलेलं एलडीएल वापरून त्यांनी १९७४ मध्ये दाखवलं की ते निरोगी पेशींना घट्ट चिकटतं आणि या पेशंटच्या पेशींना चिकटत नाही. एलडीएल रिसेप्टर असा सापडला, १९८५ मध्ये नोबेल मिळालं, आणि स्टॅटिन्स ही कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं नेमकं काय करतात हेही याच रस्त्याने समजलं, की लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनणं अडवलं की पेशी जास्त रिसेप्टर बाहेर काढतात आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतात.

मला यात भावतो तो अल्कोहोलचा प्रयोग. स्वतःचाच अंदाज खोटा ठरू शकेल अशी परीक्षा त्यांनी लावली.

तर तुम्ही करायचं काय? एका वाक्यात प्रश्न लिहा आणि त्यात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: कुठली पेशी, काय मोजणार, आणि कुठला निकाल आला तर तुमचा अंदाज चुकला असं मान्य कराल. तिसरी गोष्ट लिहिता येत नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे, कापा. "अल्झायमरमध्ये मायटोकॉन्ड्रियाची भूमिका" हा प्रश्न नाही, विषय आहे. "या म्युटेशनच्या न्यूरॉनमध्ये मायटोकॉन्ड्रिया अ‍ॅक्सॉनमध्ये कमी वेगाने सरकतात का, आणि म्युटेशन दुरुस्त केलं तर वेग परत येतो का" हा प्रश्न झाला.

वाचनाचं थोडक्यात: पबमेडवर आधी एखादा चांगला रिव्ह्यू, मग मूळ पेपर, आणि मूळ पेपरमध्ये आधी आकृत्या बघा, लेखकांचं म्हणणं नंतर वाचा. ओएमआयएमवर जीन आणि आजाराचं नातं मिळेल, युनिप्रॉटवर प्रोटीनची माहिती, आणि ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलासवर तुमचा जीन तुम्ही निवडलेल्या पेशीत मुळात चालू असतो का ते दिसेल. हे शेवटचं तपासायला दहा मिनिटं लागतात आणि तरी लोक तपासत नाहीत.

पायरी २: पेशी खरंच तीच आहे का ते बघा

हेला पेशींचं नाव ऐकलं असेलच. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून त्या घेतल्या गेल्या, त्यांना न विचारता, आणि त्या आजही जगभर वाढतायत. पोलिओ लसीपासून कितीतरी कामं त्यांच्यावर झाली. पण त्या इतक्या जोमाने वाढतात की एक थेंब दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तरी काही आठवड्यांत तो फ्लास्क हेलाचाच होतो. स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६०च्या दशकातच एका एन्झाइमचे प्रकार बघून दाखवलं होतं की वेगवेगळ्या नावांच्या बऱ्याच सेल लाईन्स (एकाच नमुन्यापासून वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशी) प्रत्यक्षात हेलाच आहेत. चँग लिव्हर नावाची लाईन लिव्हरची म्हणून वापरत होते, ती हेला. हेप-२ स्वरयंत्राची म्हणून, तीही हेला. एमडीए-एमबी-४३५ वर्षानुवर्षं ब्रेस्ट कॅन्सरची म्हणून वापरली गेली आणि नंतर जेनेटिक तपासणीत ती एम१४ नावाच्या मेलानोमाच्या लाईनशी जुळली, मेलानोमा म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर. त्या प्रत्येक फ्लास्कवर केलेलं काम कोणाच्या तरी आयुष्यातली वर्षं होती, मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली, सेल लाईनचं नाव सेलोसॉरस नावाच्या मोफत डेटाबेसमध्ये टाका, गडबडीची नोंद असेल तर तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. दुसरी, एसटीआर प्रोफाइलिंग करून घ्या, म्हणजे डीएनएचं फिंगरप्रिंट, आणि ते मूळ प्रोफाइलशी ताडून बघा. पेशी लॅबमध्ये आल्यावर एकदा, मोठा प्रयोग सुरू करण्याआधी एकदा, आणि पेपर पाठवण्याआधी एकदा. "शेजारच्या ग्रुपकडून आणल्यात, त्यांच्याकडे चांगल्या चालतात" हे ओळखपत्र नाही.

लाईन निवडताना एवढं लक्षात ठेवा की कॅन्सरमधून आलेल्या पेशींमध्ये क्रोमोसोमची संख्याच बिघडलेली असते. हेला आणि एचईके२९३ (ही कॅन्सरची नाही, गर्भाच्या किडनीतून आलेली लाईन) दोन्हीत बऱ्याच क्रोमोसोमच्या दोनपेक्षा जास्त प्रती असतात, एका जीनच्या तीन-तीन प्रती असू शकतात, ते पुढे जीन कापताना नडतं. आणि थेट माणसाच्या ऊतीतून काढलेल्या साध्या पेशी कायम वाढत नाहीत, लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवल्याप्रमाणे साधारण ५० विभाजनांनंतर थांबतात, त्यामुळे पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये टाकल्या ते, लिहून ठेवणं हा प्रयोगाचाच भाग आहे. पाचव्या पॅसेजच्या निरोगी पेशी आणि पंचविसाव्या पॅसेजच्या पेशंटच्या पेशी यांची तुलना केली तर तुम्ही म्हातारपण मोजताय, आजार नाही.

पायरी ३: हात बसवा, आणि मायकोप्लाझ्मा

पहिले तीन-चार आठवडे नुसत्या पेशी वाढवा. कुठलाही निकाल काढायचा नाही. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, रोज मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि फोटो काढायचा. फ्लास्क ७०-८० टक्के भरला की ट्रिप्सिन हे प्रोटीन कापणारं एन्झाइम देऊन तळापासून सोडवायच्या आणि पुढच्या फ्लास्कमध्ये टाकायच्या. मीडियाचा, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवाचा, रंग पिवळा झाला तर अ‍ॅसिड वाढलंय, पेशी फार दाट झाल्यात किंवा बॅक्टेरिया आलेत, गुलाबी-जांभळा झाला तर कार्बन डायऑक्साइड पोचत नाहीये, सिलिंडर बघा. गोठवायच्या असतील तर १० टक्के डीएमएसओ या द्रावकात, मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने हळूहळू, आणि परत काढताना मात्र झटकन, ३७ अंशाच्या पाण्यात. उलटं केलंत तर मरतात. लिक्विड नायट्रोजनला हात लावताना चेहऱ्यावर शील्ड हवीच, कारण नायट्रोजन आत शिरलेली व्हायल (गोठवलेल्या पेशींची छोटी कुपी) बाहेर काढल्यावर फुटते, आणि बंद खोलीत नायट्रोजन सांडला तर ऑक्सिजन कमी होतो, एकट्याने तिथे जाऊ नका. माणसाच्या सगळ्या पेशी संसर्ग असू शकतो असं धरूनच हाताळायच्या, कॉलेजात केलं असेल तसं बेंचवर उघड्यावर नाही.

आता मायकोप्लाझ्मा. बॅक्टेरिया किंवा बुरशी आली तर दुसऱ्या दिवशी मीडिया गढूळ होतो, कळतं. मायकोप्लाझ्मा हाही बॅक्टेरियाच, पण इतका छोटा की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निघून जाऊ शकतो, त्याला सेल वॉल नसते म्हणून पेनिसिलिन त्याला काही करत नाही, मीडिया स्वच्छ दिसतो, पेशी वाढत राहतात, आणि आतून मात्र सगळं बदलतं, जीन्स, मेटाबॉलिझम, वाढीचा वेग, औषधाला दिलेला प्रतिसाद. माझ्या सुरुवातीच्या काळात एका लॅबमध्ये माझा पाच महिन्यांचा डेटा असाच गेला, औषध दिल्यावर पेशींचा अर्जिनिनचा वापर बदलतोय असं मला सुंदर, दर वेळी सारखंच येणारं दिसत होतं, आणि अर्जिनिन खाणारा होता तो मायकोप्लाझ्मा. सारखंच उत्तर पुन्हा पुन्हा येतंय म्हणजे ते बरोबर आहे असं नाही, हे तेव्हा पक्कं डोक्यात बसलं. महिन्यातून एकदा पीसीआरने तपासा, आणि मधेमधे डीएपीआय किंवा होएक्स्टने डीएनए रंगवून बघा, न्यूक्लियसच्या बाहेर बारीक ठिपके दिसले तर थांबा. नवीन आलेल्या पेशी रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवा. लागलेल्या पेशी वाचवत बसू नका, अगदीच दुर्मिळ सॅम्पल असेल तर गोष्ट वेगळी, एरवी ऑटोक्लेव्ह करून फेकून द्या आणि जुनी स्वच्छ व्हायल काढा.

पायरी ४: पेशी कशात पोहतायत?

नेहमीच्या हाय ग्लुकोज डीएमईएम या मीडियामध्ये लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. रक्ताच्या रिपोर्टच्या भाषेत सांगायचं तर ४५० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर. उपाशीपोटी निरोगी माणसाचं १०० च्या खाली असतं. म्हणजे डायबेटीसवर काम करताना तुमच्या "निरोगी" कंट्रोल पेशीच बेसुमार साखरेत ठेवलेल्या असतात! मीडिया बदलून ५.५ मिलीमोलरला आणा, पेशींना काही दिवस सवय होऊ द्या, मग जास्त साखर द्या, आणि सोबत तेवढ्याच मॅनिटॉलचा कंट्रोल ठेवा, नाहीतर परिणाम साखरेचा की नुसत्या घट्ट झालेल्या मीडियाचा ते सांगता येणार नाही. ऑक्सिजनचंही तसंच, इनक्युबेटरमध्ये जवळपास हवेइतका असतो आणि शरीरातल्या बहुतेक ऊतींमध्ये त्यापेक्षा खूप कमी. मीडियात घालतो त्या सीरमची बॅच बदलली की निकाल हलतात, म्हणून एका प्रोजेक्टला पुरेल इतकी एकच बॅच आधी घेऊन ठेवा.

पायरी ५: मोजमाप काय सांगतंय आणि काय नाही

या पायरीवर माझा सगळ्यात जास्त वेळ नवीन मुलांबरोबर जातो. प्रत्येक अ‍ॅसे एक गोष्ट मोजतो आणि आपण तिला दुसरंच नाव देतो. एमटीटी नावाच्या चाचणीला सगळे "पेशी किती मेल्या" म्हणतात, पण तो मोजतो पेशींची मेटाबॉलिक क्रिया, तुमच्या औषधाने मायटोकॉन्ड्रिया मंद केले तर एकही पेशी न मरता आकडा खाली येईल. रिसेप्टर पेशीच्या बाहेर किती आहे हे फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी एकेक करून लेसरसमोरून नेऊन मोजणाऱ्या यंत्रावर) बघायचंय आणि पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या, तर ट्रिप्सिन तो रिसेप्टरच कापून टाकू शकतं, मग "पेशंटमध्ये रिसेप्टर कमी" वगैरे काहीही दिसेल.

सगळ्यात चांगलं उदाहरण ऑटोफॅजीचं. पेशी स्वतःचा कचरा पिशवीत भरून लायसोसोममध्ये नेऊन जाळते, योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल यावरच मिळालं. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीन वेगळी करून अँटिबॉडीने पट्टी म्हणून दाखवणाऱ्या चाचणीत, एलसी३-२ या त्या पिशवीवर बसणाऱ्या प्रोटीनची पट्टी जाड दिसली की नवीन माणूस लिहितो, "ऑटोफॅजी वाढली". पण पट्टी जाड होण्याची दोन कारणं असतात, एकतर पिशव्या जास्त बनतायत, किंवा बनतायत तेवढ्याच पण पुढे जाळल्या जात नाहीयेत, साचतायत. ही दोन अगदी उलट्या अर्थाची उत्तरं आहेत, आणि औषध शोधायचं असेल तर चूक महागात पडेल. म्हणून लायसोसोम बंद करणारं बॅफिलोमायसिन देऊन आणि न देऊन, अशा चार लेन लावा: निरोगी, निरोगी अधिक बॅफिलोमायसिन, आजारी, आजारी अधिक बॅफिलोमायसिन. आजारी पेशीत बॅफिलोमायसिन दिल्यावर पट्टी आणखी वाढली तर रस्ता वाहता आहे, वाढलीच नाही तर तो बहुधा आधीच तुंबलेला होता.

अँटिबॉडीवर विश्वास ठेवू नका, तिची परीक्षा घ्या. जीन काढून टाकलेल्या पेशीत तीच पट्टी तरीही दिसत असेल तर ती अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटतेय. औषध डीएमएसओमध्ये विरघळवलं असेल तर कंट्रोललाही तितकंच डीएमएसओ. ९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या वेल्समधलं पाणी लवकर उडतं, तिथे नुसतं बफर भरा, नाहीतर निदान सगळे कंट्रोल एका कडेला लावू नका.

पायरी ६: तोडा, आणि मग परत जोडा

फरक दिसला, मोजमाप पक्कं झालं, आता तो फरक कारण आहे का ते बघायचं. जीन बंद केला तर निरोगी पेशी आजारी पेशीसारखी वागते का? आणि आजारी पेशीत जीन परत दिला तर ती सुधारते का?

एसआयआरएनए, म्हणजे एखादा जीन दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे, वापरत असाल तर एकाच जीनवर निदान दोन वेगवेगळे, कारण प्रत्येक एसआयआरएनए चुकून दुसरे जीन्सही दाबतो, आणि दोन वेगळे क्रम एकाच चुकीला येण्याची शक्यता कमी. ४८ ते ७२ तासांनी बघा, आणि आरएनएवर थांबू नका, आरएनए पडला तरी प्रोटीन दिवसेंदिवस टिकू शकतं, ब्लॉट लावा. क्रिस्परने, म्हणजे डीएनए ठरलेल्या जागी कापणाऱ्या साधनाने, कापत असाल तर एका क्लोनवर पूर्ण गोष्ट उभी करू नका, एकाच पेशीपासून वाढलेल्या क्लोन्समध्ये आपापसातच फरक असतात, दोन-तीन क्लोन घ्या आणि जीनच्या सगळ्या प्रती कापल्या गेल्यात का ते सिक्वेन्स करून बघा, वर म्हटलं तसं दोनपेक्षा जास्त असू शकतात.

मग रेस्क्यू. तोच जीन, पण एसआयआरएनएला ओळखता येणार नाही असे मूक, म्हणजे प्रोटीन न बदलणारे, बदल केलेला, परत द्यायचा. बिघाड गेला तर तो खरंच त्या जीनचा होता. सोबत निकामी केलेला जीनही द्या, त्याने बिघाड जायला नको. प्रोटीन किती बनतंय यावर मात्र लक्ष ठेवा, जोरदार प्रमोटर (जीन किती चालायचा ते ठरवणारा डीएनएचा भाग) लावला की नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट बनतं आणि नुसत्या गर्दीनेच त्याचे गोळे होतात, आणि ते गोळे आजाराचे म्हणून छापले जातात. मला विचाराल तर रेस्क्यू नसलेला मेकॅनिझमचा दावा अर्धवट आहे, भले पेपर कितीही मोठ्या जर्नलमध्ये असो.

हे सगळं इतकं काटेकोर का, त्यासाठी सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार बघा. १९८९ मध्ये सीएफटीआर हा जीन सापडला, क्लोराइड आत-बाहेर करणारा चॅनेल. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या एफ५०८डेल म्युटेशनमध्ये प्रोटीन बनतं पण नीट घडी पडत नाही, पेशी ते आतच अडवून नष्ट करते. तीच पेशी २६-२७ अंशाला ठेवली तर थोडं प्रोटीन बाहेर पोचतं आणि काही प्रमाणात कामही करतं, म्हणजे ते पोचवता आलं तर उपयोग आहे. जी५५१डी या दुसऱ्या म्युटेशनमध्ये प्रोटीन जागेवर व्यवस्थित पोचतं पण चॅनेल उघडत नाही. आजार एकच, बिघडण्याच्या जागा दोन, म्हणून औषधंही दोन प्रकारची लागली. दार उघडणारं इव्हाकाफ्टर २०१२ मध्ये आलं, आणि घडी सुधारणारी दोन व दार उघडणारं एक अशी तीन औषधांची एकत्र गोळी २०१९ मध्ये. "सीएफटीआर कमी काम करतो" एवढ्यावर कोणी समाधान मानलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

पायरी ७: एन म्हणजे किती

एन म्हणजे प्रयोग स्वतंत्रपणे किती वेळा झाला. एका प्लेटवर एका दिवशी तीन वेल, तर एन एक. तीन नाही. वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो वेगवेगळ्या व्हायलपासून, सगळं पहिल्यापासून तीनदा केलं तर एन तीन. एका डिशमधल्या ३०० पेशी मोजल्या तरी एन ३०० होत नाही. पेशंटच्या पेशी असतील तर एन म्हणजे माणसं किती, एकाच पेशंटच्या पेशी दहा वेळा तपासून तुम्हाला त्या एका माणसाबद्दल खूप कळेल, आजाराबद्दल नाही. मायक्रोस्कोपखाली हाताने मोजणार असाल तर दुसऱ्या कोणाला तरी स्लाइडवर कोड लावायला सांगा आणि मोजणी संपेपर्यंत कुठली कोणती ते विचारू नका. कितीही प्रामाणिक असलात तरी हे करा, डोळा आपल्याला हवं तेच शोधतो.

पायरी ८: पेशंटच्या पेशी

शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना चार जीन्स देऊन मूळ पेशींसारखं केलं, त्यामुळे आता पेशंटचा मेंदू न उघडता त्याच्याच जीन्सचे न्यूरॉन डिशमध्ये बनवता येतात. पण दोन माणसांच्या जीनोममध्ये लाखो फरक असतात, मग दिसलेला फरक म्युटेशनचा की माणसाचा? म्हणून आयसोजेनिक कंट्रोल लागतो, त्याच पेशंटच्या पेशीत फक्त ते एक म्युटेशन क्रिस्परने दुरुस्त केलेलं. वेळखाऊ आहे, काही महिने धरून चला, पण याला पर्याय नाही. आणि एक मर्यादा आधीच माहीत असू द्या, असे बनवलेले न्यूरॉन वयाने गर्भातल्या न्यूरॉनसारखे असतात, सत्तरीत होणाऱ्या आजाराची सगळी लक्षणं त्यांच्यात सहा आठवड्यांत दिसतील अशी अपेक्षा धरू नका.

हे सॅम्पल कोणीतरी आजारपणात, सही करून दिलेलं असतं, त्या संमतीपत्रात काय लिहिलंय ते स्वतः वाचा, कारण त्यात नसलेला प्रयोग करता येत नाही, मग तो कितीही छान सुचलेला असो.

वही आणि व्हायल

रोजची नोंद त्याच दिवशी करा: पेशीचं नाव, पॅसेज, मीडिया आणि सीरमची बॅच, अँटिबॉडीचा लॉट नंबर, आणि फसलेले प्रयोगही, का फसले असं वाटतं त्यासकट. फोटोंची मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, ब्राइटनेस वगैरे कॉपीवर करा, फिजीसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं.

आणि पेशी चांगल्या वाढायला लागल्या, मायकोप्लाझ्मा नाही, एसटीआर जुळला, की प्रयोगाच्या मोहात न पडता आधी निदान दहा व्हायल गोठवा. व्हायलवर नाव, पॅसेज, तारीख आणि तुमची आद्याक्षरं, अल्कोहोलने आणि नायट्रोजनने न पुसल्या जाणाऱ्या पेनने. आठवड्याभराने त्यातली एक काढून वाढवून बघा. ती नीट वाढली की पहिल्या पायरीवर लिहिलेलं ते एक वाक्य समोर ठेवा आणि पहिली प्लेट लावा.